ओझ्याप्रमाणे खाच

सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यासारख्या गावात मोटारसायकलीवर रोज वेगळं ओझं असतं. सकाळी दुधाच्या कॅनी, दुपारी फवारणीचा पंप आणि खताचं पोतं, संध्याकाळी बायको-लेकरांसह नर्सीला नामदेव महाराजांचं दर्शन. हळद निघाली की हिंगोलीच्या बाजाराच्या खेपा वेगळ्याच. ओझं दिवसातून तीनदा बदलतं, पण मागच्या शॉकअपची खाच मात्र गाडी शोरूममधून निघाली त्या दिवशीचीच राहते. हे मला फार खटकतं, कारण ती खाच मालकानं फिरवावी म्हणूनच दिलेली असते.

आपल्याकडच्या बहुतेक साध्या गाड्यांच्या मागच्या शॉकअपला स्प्रिंगच्या बुडाशी पायऱ्या-पायऱ्यांची कडी असते. बहुधा पाच पायऱ्या, म्हणजेच खाचा. अर्धगोल आकड्याच्या पान्यानं ती फिरवली की स्प्रिंग थोडी जास्त दाबून बसते. यानं स्प्रिंग कडक होते असा समज आहे, तो खरा नाही. स्प्रिंगचा स्वभाव तोच राहतो. ओझं पडल्यावर गाडी किती खाली बसणार, एवढंच बदलतं. पण तेवढ्यानंच पुष्कळ काही बदलतं. मागची बाजू जास्त बसली की हेडलाइटचा झोत रस्ता सोडून झाडांच्या शेंड्यांवर जातो, पुढचं चाक हलकं पडतं, हँडल वळणावर ऐकेनासं होतं आणि खड्ड्यात शॉकअप तळाला धाडकन आपटतो. तो दणका आधी कमरेला बसतो, मग मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या बुशला.

गाडी किती बसते हे मोजायला दुसरा माणूस लागतो, असं सगळे सांगतात: एकानं बसायचं, दुसऱ्यानं टेप धरायची. पण सुगीत दुसरा माणूस आणायचा कुठून? एकट्याला हे काम नीट जमतं. आधी थंड टायरमध्ये हवा बरोबर भरून घ्यावी. गाडी डबल स्टँडवर घ्यावी, म्हणजे मागचं चाक मोकळं लोंबतं. शिंप्याची टेप सीटखालच्या पत्र्याला चिकटपट्टीनं लावावी, तिच्या टोकाला एक नट बांधावा आणि ती चाकाच्या आसावरून सरळ लोंबू द्यावी. आसाच्या नटाच्या मधोमध जो आकडा येतो, तो पहिला. मग गाडी ओट्याशेजारी सपाट जागी स्टँडवरून उतरवावी आणि मोबाईल विटेला टेकवून, आसाच्या उंचीवर, चित्रीकरण चालू करावं. रोजचं ओझं बांधून गाडीवर बसावं, दोन्ही पाय फूटरेस्टवर आणि कोपर ओट्याच्या खांबाला नुसतं लागलेलं. सीट खाली येते तशी टेपही आसावरून खाली सरकते. उतरल्यावर मोबाईलमध्ये दुसरा आकडा वाचावा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे गाडीची बैठक.

यातली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. गाडीवर बसून आधी सीट दाबून हळूच सोडली तर एक आकडा येतो. अंग उचलून हळूच टेकवलं तर दुसरा. तो फरक शॉकअपच्या आतल्या घर्षणाचा. दोन्हींच्या मधला आकडा खरा धरावा. फरक फारच मोठा आला, किंवा शॉकअपच्या दांड्याभोवती तेलात भिजलेल्या धुळीचं काळं कडं दिसलं, तर ऑइल सील गेलं समजावं. तिथं खाच फिरवून उपयोग नाही, मिस्त्रीकडेच जावं.

चाकाला खालीवर जायला जेवढी वाट असते, तिचा साधारण तिसरा हिस्सा माणसासकट ओझ्यानं खर्च व्हावा, हा जुना अंदाज आहे. वाट 120 मिलिमीटर असेल तर बैठक 40 च्या आसपास. जास्त आली तर एक खाच वर, कमी आली तर एक खाच खाली. पहिल्यावरून एकदम पाचव्यावर उडी मारू नये. एकेक पायरीनं जावं. आणि दोन्ही बाजूंच्या शॉकअपची खाच एकच असावी, नाहीतर चिमट्याला पीळ बसतो.

 शॉकअप बनवणारी एन्ड्युरन्ससारखी मोठी कंपनी आपल्या मराठवाड्यातच, वाळूजला आहे. इतक्या जवळ तयार होणाऱ्या वस्तूची ओळख आपण करून घेऊ नये, याचं मला वाईट वाटतं. काळ्या मातीतल्या पाणंदीवर गाडी चालवणाऱ्याला शॉकअपची गरज शहरातल्या माणसाहून जास्त आहे.

म्हणून हळदीचं पोतं बांधण्याआधी पाना काढा, दोन्ही बाजूंना सारखी खाच चढवा आणि रिकामी गाडी घेऊन परत निघताना ती उतरवा. पुस्तिकेत दिलेल्या वजनापलीकडचं ओझं मात्र कुठलीच खाच पेलत नाही. ते दुसऱ्या खेपेला न्या.