कपाळावरचें गंध

आमचे वडील बंधू २०२१ सालीं निवर्तले. त्यापूर्वीं दोन वर्षें त्यांच्या अष्टाध्यायीच्या पाठाचें चलच्चित्र पुतण्यानें आमच्या मोबाईलवर घेतलें होतें. गेल्या पितृपक्षांत, त्यांच्या तिथीस, भंडाऱ्याच्या घरीं तें सर्वांनीं मिळून पाहिलें. पाहतां पाहतां वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांच्या कपाळावरचं गंध कुठं गेलं?" आम्हीं निरखून पाहिलें. चेहऱ्यावर चौकटी दिसत होत्या आणि गंधाच्या जागीं नुसता तांबूस डाग उरला होता.

आम्हीं जन्मभर संस्कृत शिकविलें; या विषयांत मात्र धाकट्या सूनबाईंचें शिष्यत्व पत्करावें लागलें. त्यांनीं हिशेब मांडला. १९२० गुणिले १०८० म्हणजे एका चित्रांत २० लाखांवर ठिपके. प्रत्येकास ३ बाइट. सेकंदास अशीं ३० चित्रें. म्हणजे दर सेकंदास १८ कोटींहून अधिक बाइट झाले. एवढा भार कोणता मोबाईल वाहील? म्हणून संक्षेप प्राप्तच.

संक्षेप म्हणतांच आम्हांस पाणिनि आठवला. मागील सूत्रांतील पद पुढील सूत्रांत न उच्चारतां गृहीत धरावयाचें, ही अनुवृत्ति. येथेंही तेंच! एक चित्र संपूर्ण नोंदावयाचें. पुढें ओठ हलले, हात उचलला, तेवढाच फरक लिहावयाचा. मागची भिंत पुन्हा कशाला सांगावी? परंतु सूत्राचा अर्थ अनुवृत्तीनें पुरता भरून येतो. येथें मात्र डोळ्यास सहसा न जाणवणारें तें कायमचें गाळतात. उजेडापेक्षां रंगाचे बारकावे डोळा कमी टिपतो, म्हणून बहुधा चार ठिपक्यांत मिळून रंग एकदांच ठेवितात. लहान लहान चौकटींचें गणित करून सूक्ष्म अंशही सोडतात. हें गणित १९७४ सालीं प्रसिद्ध करणाऱ्या तिघांपैकीं नासिर अहमद हे मूळचे बंगळूरचे, हें ऐकून कौतुक वाटलें.

फाइलीच्या नांवापुढील 'एमपी४' हें केवळ डब्याचें नांव. आमच्या गांवचा पितळी डबा बाहेरून पाहून आंत डाळ कीं तांदूळ, तें कळत नाहीं; तसेंच हें. आंत चित्र एका रीतीनें, ध्वनि दुसऱ्या रीतीनें आवळलेला असतो. चित्राची बहुप्रचलित रीत 'एच. २६४' ही २००३ सालची. डब्यावरची चिठ्ठी बदलल्यानें ऐवज सुधारत नाहीं.

मग गंध गेलें कोठें? निरोपाच्या ॲपमधून चित्र घरोघरीं धाडतांना त्याचा पुन्हा संक्षेप झाला. पुढें आमचा मोबाईल भरला. 'सर्वांकडे प्रत आहे' या समजुतीनें मूळ चित्र आम्हींच पुसलें! आतां तें कितीही मोठें करून पाहिलें तरी ठिपके वाढतात, गाळलेलें परत येत नाहीं.

हें वहिनींस सांगतांना आमची मान खालीं गेली. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "आवाज तरी स्वच्छ आहे. तेवढा दोन ठिकाणीं ठेवा."

तो तसा ठेविला आहे. वाचकांनीं मात्र मूळ प्रत आधीं दोन ठिकाणीं ठेवावी, धाडावयाची ती नक्कल धाडावी. आमचा धडा एवढाच आहे.