कुंभारणीचं घर

टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदलणं हे आमच्या धंद्यात पोरासोराचं काम. नट काढा, कव्हर उचला, जुनं खरवडा, नवं बसवा. चहा यायच्या आत गाडी रवाना. म्हणून एकच काळी-पिवळी आठवड्यात तिसऱ्यांदा सुरगाण्यातल्या माझ्या शेडसमोर येऊन उभी राहिली, तेव्हा मान वर करायची लाज वाटली.

"मिस्तरी, पॅकिंग नवं ना? मग तेल कुठून येतंय?" नाना उतरता उतरताच म्हणाले. मॅनिफोल्डवर तेल पडून जळका धूर गाडीत शिरत होता आणि मागच्या सीटवरच्या बायका नाकाला पदर लावून बसल्या होत्या.

पहिल्या खेपेची चूक माझी, ती सांगून टाकतो. जुनं पॅकिंग कॉर्कचं होतं. कॉर्क म्हणजे एका जातीच्या ओकची साल. तिकडे पोर्तुगालात झाड न तोडता दर नऊ वर्षांनी ती सोलतात. आपल्याकडे इंजिनावर वर्षानुवर्षं भाजून तिचा पापड होतो. नखानं टोचलं तर भुगा पडला. मी पटाशीनं खरवडलं, पण एका कोपऱ्यात मुगाएवढा तुकडा राहिला. वर हेडची कड डिझेलच्या फडक्यानं पुसून तशीच शिलॅक लावली. तेलकट लोखंडावर शिलॅक धरत नाही, हे नाशिकला शिकाऊ असताना उस्तादांकडून शंभरदा ऐकलेलं. पण बोरगावच्या रस्त्यावर स्ट्रॉबेरीच्या टोपल्या लागल्या होत्या, हंगाम सुरू झाला होता, आणि नानांना घाई होती. घाई नानांची, हात माझा.

दुसऱ्या खेपेला मी ते सगळं नीट साफ केलं आणि मग सवयीनं नट आवळले. चांगले आवळले. अशा लहान नटांना साधारण दहा न्यूटन-मीटर जोर पुरतो, म्हणजे दहा सेंटिमीटरच्या दांड्याला दहा किलोचा ओढा. मी त्याच्या दुपटीनं ओढलं असणार. कव्हर पत्र्याचं. जास्त आवळलं की नटाखाली खळगा पडतो आणि दोन नटांमधली कड उचलली जाते. गळती थांबावी म्हणून आवळायचं, आणि आवळलं म्हणून गळायचं!

तिसऱ्या खेपेला कव्हर काढून खिडकीच्या काचेवर पालथं ठेवलं. कडेखालून उजेड दिसला. लाकडी ठोकळ्यावर धरून हलक्या हातानं ठोकत ती कड सपाट करण्यात निम्मा दिवस गेला. नवं पॅकिंग, कोरडी कड, नट मधून बाहेरच्या दिशेनं थोडे थोडे आवळलेले. इंजिन डिझेलनं, मग साबणाच्या पाण्यानं धुतलं, वाळवलं आणि जोडावर घरातली तोंडाला लावायची पावडर फुंकली. पांढऱ्यावर तेलाची रेघ लपत नाही. अर्धा तास गाडी जागेवर चालवली. कोरडी!

मग हतगडचा चढ चढून आलो. बॉनेट उघडलं तर पावडर चारी बाजूंनी ओली.

इथं डोकं थोडं चाललं. एका ठिकाणी ओल असती तर पॅकिंगवर किंवा माझ्या हातावर बोट ठेवता आलं असतं. चारी बाजूंनी घाम म्हणजे आतून दाब. रिंगांच्या फटीतून थोडा वायू खाली चेंबरमध्ये उतरतोच, चढाला जास्त. तो बाहेर पडावा म्हणून ब्रीदरची नळी असते. चालू इंजिनाची तेल भरायची टोपी सैल केली, तर ती हातातून उडाली. याला आम्ही बॅक कॉम्प्रेशन म्हणतो आणि गिऱ्हाइकाला लगेच रिंगपिस्टनचा खर्च सांगतो. माझ्याही ओठांवर तो आकडा आला होता.

त्याआधी ब्रीदरची नळी काढून फुंकर मारली. गाल फुगले, हवा गेली नाही. तार घातली तर सुकी, बारीक चाळल्यासारखी माती निघाली, आणि मातीबरोबर दोन वाळके कोळी. कुंभारीण माशीचं घर! पावसाळाभर गाडी नानांच्या पडवीत उभी होती. खाली तोंड केलेली, कोरडी, बोटभर नळी. कुंभारणीला यापेक्षा चांगली जागा कुठली मिळायची? पिल्लांच्या शिध्यासाठी कोळी आत कोंबून तिनं दार लिंपून घेतलं होतं.

नळी बसवून टोपी सैल केली. ती जागेवर नुसती थरथरत राहिली. पुन्हा हतगड चढून आलो, पावडर पांढरी. दोन दिवस थोडा धूर येत राहिला, तो सांडलेल्या जुन्या तेलाचा. नुसती नळी साफ केली असती तर ते पापड झालेलं कॉर्क अजून एक हंगाम निघालं असतं का, ते मला आजही सांगता येत नाही.

नानांकडून पॅकिंगचे पैसे एकदाच घेतले. तुमची जुनी डिझेल गाडी पावसाळाभर उभी असेल, तर चावी फिरवण्याआधी खाली वाकून त्या नळीचं तोंड तेवढं बघा.