वहीचे उजवे पान

घरात रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या माणसाला दिवसभरात अनेक प्रश्न विचारले जातात. मात्र ते बहुधा रुग्णाविषयीचे असतात. जेवण झाले का, गोळ्या दिल्या का, रात्री झोप लागली का. वयाच्या बावन्नाव्या वर्षी मानसशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमास प्रवेश घेतला, तेव्हा मीसुद्धा हेच प्रश्न विचारण्यात तरबेज होते. डोंबिवलीच्या आमच्या घरी आई तीन वर्षांपासून स्मृतिभ्रंशाने आजारी आहे.

प्रात्यक्षिकासाठी आठवड्यातून दोन दिवस मी ठाण्यास जात असे. आमच्या मार्गदर्शक बाईंनी पहिल्याच दिवशी एक नियम घालून दिला. वहीच्या डाव्या पानावर भेटीत काय घडले ते लिहायचे आणि उजव्या पानावर त्या वेळी आपल्या मनात काय घडले ते. ही कल्पना तशी नवी नाही. डोनाल्ड शॉन या अभ्यासकाने १९८३ साली लिहिलेल्या पुस्तकात वास्तुरचनाकार, अभियंते, मानसोपचारतज्ज्ञ असे व्यावसायिक काम करता करता आणि काम संपल्यावर स्वतःच्या कृतीचा विचार कसा करतात, हे मांडले आहे. पुढे १९८८ मध्ये ग्रॅहम गिब्ज यांनी वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि पुढील कृती अशा सहा पायऱ्या सांगितल्या. परीक्षेत या पायऱ्या मी बिनचूक लिहिल्या. माझी उजवी पाने मात्र कोरीच राहिली.

एका भेटीत पत्नीची सेवा करणारे एक वयोवृद्ध गृहस्थ समोर बसले होते. (त्यांची संमती घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील वगळून हे लिहीत आहे.) बोलता बोलता ते म्हणाले, “कधीकधी वाटतं, ही सुटावी एकदाची. मग स्वतःचीच लाज वाटते.”

मी तत्काळ म्हणाले, “असं म्हणू नका काका. तुम्ही किती मनापासून करता सगळं!”

त्यांनी मान हलवली, मांडीवरच्या पिशवीची घडी घातली आणि पेन्शनच्या कागदपत्रांविषयी बोलू लागले. मी डावे पान सविस्तर लिहिले. रुग्ण पत्नीचे वय, औषधे, मुलगा परगावी, काकांची झोप अपुरी. बाईंनी ते वाचले आणि एवढेच विचारले, “धीर दिलात तो त्यांना, की स्वतःला?”

मला राग आला, हे कबूल करते. परतीच्या धीम्या लोकलमध्ये खिडकीशी जागा मिळाली होती. कळवा गेले, मुंब्रा गेले. मुंब्र्याचा डोंगर मागे पडत असताना वही उघडली आणि त्या दिवसाची सकाळ उजव्या पानावर उतरू लागली. आईने किती वेळा विचारले असेल कोण जाणे, “हे आले का कामावरून?” बाबांना जाऊन नऊ वर्षे झाली. कुकरची शिट्टी, दारात इस्त्रीवाला, माझी गाडीची वेळ, आणि मी ओरडले, “बाबा नाहीत आता, किती वेळा सांगू!” आई रडली. ती बातमी तिने जणू प्रथमच ऐकली होती. घराबाहेर पडताना माझ्याही मनात काकांचेच वाक्य येऊन गेले होते. दुपारी तेच वाक्य त्यांच्या तोंडून ऐकले आणि मी घाईघाईने त्यावर झाकण ठेवले. दिव्यापर्यंत दोन पाने भरली. डोंबिवली आली तेव्हा उतरायचे भान राहिले, हेच नशीब.

पुढच्या भेटीत मी म्हणाले, “काका, मागच्या वेळी तुमचं बोलणं मी मध्येच तोडलं. आज ऐकायचं आहे.” बराच वेळ ते गप्प होते. मग अर्धा तास बोलले. बाजारातून परतल्यावर घरात शिरण्यापूर्वी ते रोज जिन्याच्या पायरीवर दहा मिनिटे बसतात, हे तेव्हा कळले. मी कोणताही उपाय सांगितला नाही. जाताना त्यांनी विचारले, “तुमच्याही घरी कोणी आहे का?” मी ‘हो’ म्हणाले. ते म्हणायला हवे होते का, यावर बाईंशी माझी पुढे बरीच चर्चा झाली. माझे मत अद्याप पक्के झालेले नाही.

मराठीत या सवयीला सहजपणे ‘आत्मपरीक्षण’ म्हटले जाते. मला तो शब्द थोडा खटकतो, कारण परीक्षण म्हटले की गुण आणि नापास होणे आले. आपण शुश्रूषा करणारी माणसे स्वतःला नापास करायला टपलेलीच असतो. म्हणून आपणांस ही वही घालावीशी वाटली, तर उजव्या पानावर ‘मी वाईट मुलगी आहे’ असे लिहू नका. ‘मी ओरडले, तेव्हा छातीत धडधडत होते, मला उशीर होत होता’ असे लिहा. शेवटी उद्या करून पाहण्याजोगी एकच लहानशी गोष्ट लिहा. दहा मिनिटे पुरतात. लिहिणे जमत नसेल, हात थरथरत असेल, तर विश्वासाच्या माणसाला सांगावे. आणि एक सांगणे आवश्यक आहे. तोच तो विचार घोळत राहून झोप उडत असेल, रुग्णावर हात उगारला जात असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर वहीवर विसंबू नका, डॉक्टरांना भेटा. शासनाच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक निःशुल्क असून चोवीस तास चालू असतो. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेली ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्थाही आहे.

आई अजूनही तोच प्रश्न विचारते. आता मी पुष्कळदा उलट विचारते, “त्यांच्यासाठी काय करू आज?” ती विचार करून थालीपीठ सांगते, कधी मुगाची खिचडी, आणि मग बाबा तिखट किती खात असत याची गोष्ट सुरू होते. मागच्या मंगळवारी मात्र हे जमले नाही. मी पुन्हा ओरडले. ते लिहून ठेवले आहे.