गेमच्या खाचेतला कॅमेरा

पालकसभेत हा प्रश्न ठरलेलाच, "सर, सारखा गेम खेळतो, काढून घेऊ का?" घ्या की! पण आधी जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या गेम बॉयबद्दल वाचा.

हातात मावणारं हे यंत्र १९८९ साली आलं. चार पेन्सिल सेल, पडद्यावर रंग नाहीत, नुसत्या चार छटा. पाठीमागच्या खाचेत कार्ट्रिज बसवलं की खेळ सुरू. खरी गंमत त्या खाचेत आहे. १९९८ मध्ये कंपनीने त्याच खाचेत बसणारा कॅमेरा काढला! लेन्स फिरवून स्वतःचाही फोटो घेता यायचा. मावायचे फक्त ३०, म्हणजे पुढच्या फोटोसाठी कोणता पुसायचा हे मुलानेच ठरवायचं. (आपल्या मोबाइलमध्ये असं कोण ठरवतं?) जोडीला छोटा प्रिंटरही होता. एसटीच्या तिकिटासारखा, बिनशाईचा. यंत्र तेच, पण खेळणारं पोर आता काहीतरी तयार करू लागलं.

फोटो १२८ बाय ११२ ठिपक्यांचा. चौथीत हा गुणाकार फळ्यावर करून घेतला: १४,३३६. मग गणिताच्या चौकटीच्या वहीत १६ बाय १६ चौकटी आखल्या, पेन्सिलच्या चारच छटा वापरायच्या आणि शेजारच्याचा चेहरा काढायचा. एरवी वही न उघडणारा आमचा एक गेमवेडा विचारतो, "सर, डोळा दोन चौकटींत बसवू की तीन?"

मी म्हटलं, दोन्ही करून बघ. मधली सुट्टी झाली तरी खोडरबर चालूच होतं.