तीन वर्षांचे रविवार

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७.

आकडा पाहून वाचकांनी पान उलटू नये, एवढीच विनंती. मीही कला शाखेचीच विद्यार्थिनी. दहावीनंतर गणिताला मी दुरूनच नमस्कार केला. तरी ही एकवीस अंकी संख्या गेले वर्षभर माझ्या मनातून जात नाही.

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुपटीने धान्य मागणाऱ्या चतुर माणसाची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. त्या पटाला चौसष्टऐवजी सदुसष्ट घरे असती, तर एकूण दाणे बरोबर इतके भरले असते.

१६४४ साली मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने जाहीर केले, की ही संख्या मूळ आहे. म्हणजे एक आणि ती स्वतः यांवाचून तिला कशानेही भाग जात नाही. १८७६ मध्ये ल्यूका या गणितज्ञाने दाखवून दिले, की तिला भाग जातो. पण कशाने, ते त्याच्या रीतीने कळत नव्हते. मडके वाजवून पाहावे, ते तडकले आहे हे आवाजावरून समजावे, पण तडा कोठे आहे तो दिसू नये, तसा हा प्रकार!

१९०३ साली न्यूयॉर्क येथे गणितज्ञांच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल उभे राहिले. पुढची हकीकत बेल या गणितज्ञाने सांगितली आहे. कोल एक शब्दही न बोलता फळ्याकडे गेले. एका बाजूला त्यांनी ही संख्या मांडली. दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ ला ७६१८३८२५७२८७ ने गुणले. दोन्ही उत्तरे एकच आली. कोल जागेवर जाऊन बसले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. किती काळ लागला, असे पुढे बेलने विचारले, तेव्हा उत्तर मिळाले : तीन वर्षांचे रविवार.

या संख्येचा कोणताही अवयव घ्या, त्याला १३४ ने भागले की बाकी १ च उरते. म्हणून बाकीच्या संख्या तपासायला नकोत. पण तेवढ्याच संख्या ओळीने लिहीत गेलो, तरी कोलांचा लहान अवयव १४,४५,५८० वा येतो! त्यांना आणखी युक्त्या लढवून चाळणी बारीक करावी लागली.

दिवाळीच्या सुट्टीत तो गुणाकार मी हाताने करून पाहिला. नऊ ओळी, त्यांत सातच्या तीन सारख्याच, एक नुसती शून्यांची. तासाभरात बेरीज जुळली. शोधायला तीन वर्षे, पडताळायला एक तास. आज संगणक हेच अवयव क्षणात काढतो. मग कोलांचे रविवार वाया गेले का?

हा प्रश्न मला दुरून विचारता येत नाही. दर रविवारी मी आजीजवळ बसून तिच्या जात्यावरच्या ओव्या वहीत उतरवून घेते. जाते केव्हाच परसात जाऊन पडले आहे. आजीला आता एकेक ओळ आठवायला वेळ लागतो. शेजारच्या काकू विचारतात, "याचे मार्क मिळतात का गं?" मिळत नाहीत. कोलांनाही त्या संख्येतून दाणाभर गहू मिळाला नसेल.

फरक एवढाच, की कोल दमून थांबले असते, तरी ती संख्या आहे तशीच राहिली असती. पुढे कोणीतरी तिचे अवयव काढलेच असते. आजीच्या ओव्यांना तेवढी सवड नाही. दोन वह्या भरल्या आहेत. तिसरी परवाच आणली.