आगपेटीवरील चित्रें

हलत्या चित्रांचे पट म्हणजे पोरांना जेवूं घालतांना दाखवावयाची करमणूक, असा आमचा परवांपर्यंत समज होता. आणि तो आम्ही घरांत अधिकारवाणीनें बोलूनहि दाखवीत असूं. म्हणून, संस्कृतांत उत्तम गुण मिळविणारी आमची नात ‘मला ॲनिमेशन शिकावयाचें आहे’ असें म्हणाली, तेव्हां ‘चित्रें काढून का पोट भरतें?’ हा ठराविक प्रश्न आम्हीं टाकला. तिनें वाद घातला नाहीं. ‘आजोबा, पंधरा मिनिटें बसा,’ एवढेंच म्हणून तिनें गीतांजली राव यांचा ‘प्रिंटेड रेनबो’ हा लघुपट लावला. २००६ सालीं कान येथील समीक्षक-सप्ताहांत त्याला तीन पारितोषिकें मिळालीं, हें आम्हांस मागाहून कळलें.

कथा एवढीशी. महानगरांतील घरांत एक एकटी म्हातारी व तिचें मांजर. तिला छंद आगपेट्या जमविण्याचा. शहर सारें राखाडी; पण पेटी हातीं घेतली कीं तिच्यावरील चित्र जागें होतें, रंग फुलतात, आणि म्हातारी मांजरासह त्या चित्रांत शिरते. शहरांतील एकटेपणावर आम्हीं मुलांकडून निबंध पुष्कळ लिहवून घेतले. परंतु तो नुसत्या रंगांच्या पालटानें सांगतां येतो, हें आमच्या ध्यानीं कधीं आलें नव्हतें.

दादासाहेब फाळके यांनीं १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ या पटांत काड्या नाचविल्या. काडी किंचित् सरकवावयाची, एक चित्र घ्यावयाचें, पुन्हां सरकवावयाची, अशी ती तपश्चर्या. निर्जीवांत प्राण घालणारी ही विद्या आपल्याच घरची, आणि तिला आम्ही पोरखेळ म्हणत होतों!

पट संपला, तेव्हां अक्का डोळ्यांपुढें उभी राहिली. आमचें घर दहा माणसांचें. ही थोरली बहीण मात्र, मुलें परदेशीं असल्यामुळें, उपनगरांत नवव्या मजल्यावर एकटी असते. आम्ही गेलों कीं ती जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढून बसते, आणि आम्ही घड्याळाकडे पाहत म्हणतों, ‘अक्का, ही रद्दी कशाला जपतेस?’

त्या रविवारीं नातीला घेऊन आम्ही तिच्याकडे गेलों. घड्याळ घरींच ठेविलें. अक्का एकेक पत्रिका उलगडून सांगत होती. नात वहींत तिचे हात रेखाटीत होती. दिवे लागले तरी कोणी उठलें नाहीं.

परततांना आम्हीं नातीला एवढेंच विचारलें, ‘अर्जाची मुदत केव्हां संपते?’