खालच्या टाकीची रेघ

माशांच्या टाकीखाली काचेची जी दुसरी टाकी असते तिला दुकानात सम्प म्हणतात. आमच्या घरी तो शब्द चालत नाही. लालबागमध्ये संप एकच, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला, आणि बाबा गिरणीत होते. म्हणून आम्ही तिला नुसतं 'खालची टाकी' म्हणतो.

वरची टाकी चार फुटी. कोपऱ्यातल्या ओव्हरफ्लोच्या काचेवरून पाणी खाली उतरतं, स्पंजमधून गाळून शेवटच्या कप्प्यात येतं आणि तिथला पंप ते परत वर ढकलतो. एवढं मला कळलं होतं. आठवड्याभरात पंप घरघरायला लागला. वर पाहिलं तर पाणी जिथल्या तिथे! मग कमी कुठे झालं? काही उमगेना. सकाळी नळ आला तेव्हा क्लोरीन घालवायचे थेंब टाकून दोन बादल्या खाली ओतल्या, पार काठापर्यंत. आवाज थांबला.

संध्याकाळी काच पुसायला पंप बंद केला, तरी वरून पाणी येतच राहिलं. खालची टाकी ओसंडली, पाणी कपाटाखालून दारापर्यंत गेलं. आई जुन्या चादरी घेऊन धावली. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, "अरे, आमच्या छताला ओल येतेय." फार वाईट वाटलं.

क्रॉफर्ड मार्केटमधल्या दुकानदारदादांनी समजावलं. वरची पातळी ओव्हरफ्लोची काच धरून ठेवते, त्यामुळे वाफ होऊन उडालेलं पाणी वर दिसतच नाही, ते पंपाच्या कप्प्यात घटतं. आणि पंप थांबला की परतीच्या नळीचं बुडालेलं तोंड उघडं पडेपर्यंत पाणी त्याच नळीतून उलटं खाली येतं. आमची नळी ४ सेंटीमीटर बुडालेली होती. टाकी १२० बाय ४५ सेंटीमीटरची, म्हणजे जवळजवळ २२ लिटर!

"पंप बंद ठेवून पाणी भर. खालची टाकी काठापासून दोन बोटं रिकामी ठेव. मग पंप लाव, पाणी स्थिरावलं की तिथे रेघ मार."

तसंच केलं. नळीचं तोंडही पाण्याच्या जेमतेम खाली आणलं. आता रोज सकाळी रेघेपर्यंत पाणी घालतो, दीड-दोन लिटर लागतं. रेघेच्या वर थेंबही नाही.

नवी टाकी मांडत असाल तर मासे आणण्याआधी एकदा पंप बंद करा आणि पाणी उतरायचं थांबेपर्यंत समोरून हलू नका.